उंबऱ्याकडे तोंड केलेले बूट

या, असे जवळ सरका. हातातलं काम घटकाभर बाजूला राहू द्या. देवाचं नाव घेऊन आज एक गोष्ट सांगायला बसलो आहे. चोरी एका टेपेची झाली आणि चोर दाखवला तो एका जोडी बुटांनी. ऐकताना भीती वाटेल. वाटू द्या, ती गोष्टच तशी आहे. मात्र अर्ध्यावर उठू नका. शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे.

१

द्रिना नदीकाठच्या लिपनिकमध्ये, जुलैतल्या एका टळटळीत दुपारी, झिबामायने मागच्या खोलीतल्या लाकडी पेटीचं झाकण उघडलं, कोपऱ्यात हात घातला, आणि तो हात तिथेच राहिला.

"बुला," ती म्हणाली, "इथे नाही गं."

रझिया-बुला दारात उभी होती. बुला म्हणजे गावच्या बायकांना कुराण शिकवणारी, मयताच्या घरी दुआ म्हणणारी. रझिया मौलूद, पैगंबरांच्या जन्माची गाणी, गायला बसली की म्हाताऱ्या बाया पदराने डोळे पुसत आणि तरण्या पोरी फोन खाली ठेवत. एकसष्ट वर्षं, बुटकी, गुडघ्यांनी अधू. पण कान असा, की चाळीस जणींच्या सुरात एकीचा सूर घसरला तरी नाव घेऊन सांगेल.

"नीट बघ. चादरींखाली गेली असेल."

"पिठाच्या डब्यातून काढून आत्ता तर ठेवली मी. अर्धा तास नाही झाला. फडकं आहे बघ, पिठाचं. ती तेवढी नाही."

झिबामाय चौऱ्याहत्तर वर्षांची. तिने रिकामं फडकं छातीशी धरलं. ती रडली नाही. बुलाने तिला पेटीवरच बसवलं.

ती टेप तळहाताएवढी होती आणि तिच्यात झिबामायचा मुलगा होता.

सतरा वर्षांपूर्वी लढाईत सगळं लिपनिक जीव मुठीत धरून गावाबाहेरच्या लाकूडगिरणीत शिरलं होतं. तिथे निळ्या टोप्यांचा तळ होता. जगाने आपल्या रक्षणाला धाडलेले सैनिक, म्हणून लोकांनी विश्वास टाकला. तिसऱ्या दिवशी निळ्या टोप्यांनी फाटक उघडलं. बाहेर बंदूकवाले उभेच होते. बायका बसमध्ये, पुरुष ट्रकमध्ये. शाचिर मास्तर, गावातली लग्नं हौसेने चित्रित करणारे, तीन दिवस आपला छोटा कॅमेरा घेऊन फाटकापाशी उभे होते. बुलाला त्यांचं शेवटचं बोलणं आठवत होतं. फाटक उघडत होतं आणि मास्तर ओरडले होते, "रझिया, पट्टा तुटला गं, बांधायला काहीतरी दे!" तिने आपल्या गाठोड्याचा लाल रुमाल सोडून त्यांच्याकडे फेकला. दोन मिनिटांत तिला आणि झिबाला पहिल्या बसमध्ये कोंबलं गेलं.

झिबाचा एकुलता मिर्झेत, वय एकोणीस, आत लपून राहिला. तो परत आला नाही. मास्तरही नाहीत. शेवटच्या बसमधल्या एका बाईने छावणीत येऊन ही टेप झिबाच्या हातात दिली होती. "मास्तर म्हणाले, झिबाला दे, तिचा पोरगा यात आहे."

झिबामायने ती कधी पाहिली नाही. गाव म्हणे, भीतीने. खरंच होतं ते. पण भीती कशाची, ते तिने एकट्या बुलाला सांगितलं होतं. "त्यात माझा पोर अजून चालतोय गं. मी बघितलं की संपला."

दोन वर्षं अल्दिना तिच्या मागे होती. अल्दिना याच गावची. तेराव्या वर्षी बसमधून गेली, परदेशात वाढली आणि आता लिपनिकवर माहितीपट करायला परत आली होती: इथे काय झालं, आणि ते होत असताना जग काय करत होतं. "मावशी," ती म्हणाली होती, "ट्रक कुठे वळला हे त्या टेपेत असेल. हाडं सापडतील." हाडांच्या नावाने झिबामाय तयार झाली. दरवर्षी जुलैत सापडलेल्यांचा सामुदायिक जनाजा होई. तिला मरायच्या आधी त्यात आपल्या पोराची एक हिरवी शवपेटी हवी होती. एवढंच.

जुनी टेप चालवायचं यंत्र उद्या सकाळी सारायेवोहून येणार होतं. आणि टेप आज गेली.

आवाज ऐकून अल्दिना आत आली. तिने पेटी पाहिली, फडकं पाहिलं.

"बुला, अंगणातून कुणी बाहेर गेलेलं नाही. मी फाटकाला कडी घातलीय."

"मग?"

"मग ज्याने नेली तो अंगणातच आहे."

२

अंगणात तिघे पुरुष होते.

अलुबुखाराच्या झाडाखाली विक्टर. ज्या परदेशी वाहिनीचे पैसे फिल्ममध्ये होते, तिचा माणूस. कडक इस्त्रीचा शर्ट, कानाला फोन. गेले चार दिवस तो अल्दिनाशी भांडत होता. निळ्या टोप्यांचा भाग कापा, प्रेक्षकांना थोडी आशा लागते, म्हणत होता.

फाटकापाशी, गाडीला टेकून वेसेलिन. ड्रायव्हर, गावचाच, पण पलीकडच्या आळीतला, पलीकडच्या धर्माचा. शाळेत मिर्झेतच्या बाकावर बसायचा. त्याचा काका लढाईत बंदूकवाल्यांत होता. आता ती लाकूडगिरणी काकाचीच होती आणि त्याची करडी गाडी गेला आठवडाभर झिबामायच्या घरावरून रोज संध्याकाळी गोगलगाईसारखी जात होती. परवा दाराखालून चिठ्ठी आली होती: सतरा वर्षं गप्प बसलीस. पुढेही बस.

आणि शिडीवर हेन्रिक. एके काळचा निळ्या टोपीवाला. फाटक उघडलं तेव्हा आपण वरच्या टेकडीवरच्या चौकीत होतो, हे त्याने पहिल्याच भेटीत झिबामायला रडत सांगितलं होतं. तेव्हापासून नऊ उन्हाळे तो इथे येत होता. विधवांची छपरं नीट करी, लाकडं फोडून देई, भाषाही शिकला होता. झिबामाय त्याला लेक म्हणे. त्याची एक सवय गावभर कौतुकाची झाली होती. पाहुण्यांनी पायरीवर बूट काढले, की घरातल्या धाकट्याने ते हळूच रस्त्याकडे वळवून, टाचा भिंतीला लावून, नाड्या आत खोचून ठेवायचे, म्हणजे जाताना पाहुण्याला वाकावं लागत नाही. झिबामायच्या घरात धाकटं कोण उरलं होतं? हेन्रिकने ते काम आपल्याकडे घेतलं.

"बघा बघा," वेसेलिन चिडवायचा, "एवढी शिकलेली सून सगळ्या लिपनिकमध्ये मिळायची नाही."

"तुझे बूट नाही वळवणार," हेन्रिक म्हणायचा. "वास येतो."

कधीच वळवायचे नाहीत अशा बुटांची एक जोडी त्या पायरीवर होती. मिर्झेतचे, कॅनव्हासचे, निळे. त्यांचं तोंड उंबऱ्याकडे. घरी आलेल्या माणसाचे असतात तसे. आत कसर लागू नये म्हणून झिबामाय अक्रोडाची वाळकी पानं घालून ठेवी. त्यांना तिच्याखेरीज कुणी हात लावत नसे. वेसेलिन तर ती पायरी अंग चोरून चढे.

झडती झाली. कुणी नाही म्हणालं नाही. खिसे उलटे झाले, पिशव्या रिकाम्या झाल्या, गाडीच्या गाद्या निघाल्या. हेन्रिकने हत्यारांची पेटी स्वतः ओतली. विक्टरने तणतणत आपली बॅग अंगणात पालथी केली. टेप कुठेच नव्हती.

"काका आहे यामागे," वेसेलिन हळूच म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं. "तुम्ही सगळे तेच मनात म्हणताय, मी तोंडाने म्हणतो."

एवढ्यात रस्त्यावर इंजिनाचा आवाज आला. करडी गाडी फाटकासमोर आली, थांबली, काच अर्धी खाली झाली. आतून कुणी काही बोललं नाही. काच वर गेली आणि गाडी निघून गेली. 

"मी घरी जाते," बुला शेवटी म्हणाली, "असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज चुकेल." झिबामाय रीतीप्रमाणे तिला पोचवायला पायरीपर्यंत आली. तिने खाली पाहिलं.

आणि ती किंचाळली. तशी किंकाळी बुलाने सतरा वर्षांपूर्वी बसमध्ये ऐकली होती.

मिर्झेतच्या बुटांचं तोंड रस्त्याकडे होतं.

३

"निघाला तो," झिबामाय बरळत होती. "टेप गेली तसा तोही निघाला. बुला, त्याला थांबव गं!"

हेन्रिकने तिला उचलून आत निजवलं आणि पाणी आणायला बाहेर धावला. बुलाने आधी बूट पुन्हा उंबऱ्याकडे फिरवून ठेवले, मग उशाशी बसून दुआ म्हटली. झिबामायचा श्वास संथ झाला. मग बुला उठली, तिने जेझ्वाभर, लांब दांड्याच्या भांड्याभर, कॉफी केली आणि एकेकाला ओसरीवर बोलावलं. पोलिसांत जायचा प्रश्न नव्हता. ठाण्यावरचा फौजदार संध्याकाळी कुणाच्या गिरणीत पत्ते खेळतो, ते गावाला माहीत होतं.

पहिला विक्टर.

"मॅडम, मला तो भाग नकोय, हे मी उघड बोललोय. पण मी चोर नाही. वाहिनी माझ्या डोक्यावर बसलीय."

"वाहिनीला का नको?"

"लोक बघत नाहीत हो. त्या वेळीही बातम्यांत दाखवलं होतं इथलं. लोकांनी जेवताना पाहिलं आणि दुसरं काहीतरी लावलं."  आपण काय बोललो ते त्यालाच उशिरा कळलं.

दुसरा वेसेलिन. त्याने कॉफीला हात लावला नाही.

"तू पायरीवर गेला होतास?"

"त्या बुटांपाशी? बुला, मी त्यांच्याकडे बघतही नाही. आम्ही दोघांनी एकाच दिवशी घेतले होते तसले. माझे फाटले." त्याने नाक पुसलं. "काकाला टेपेचं ठाऊक असतं ना, तर चोरी नसती झाली. घर जळालं असतं."

तिसरा हेन्रिक. तो जमिनीकडे बघत होता.

"मी छपरावर होतो. अल्दिना 'शांत' म्हणून ओरडली, मी हातोडा ठेवला, बसून राहिलो." मग तो हलकेच म्हणाला, "बुला, खरं सांगू? त्या टेपेत काही उरलंही नसेल. सतरा वर्षं पिठात. कॅमेरा तरी कसला, लाल फडक्याने गळ्यात अडकवलेला. असली चित्रं नुसती हलतात. मायला उगाच आशा लागली."

बुलाने कॉफीचा घोट घेतला. कप खाली ठेवायला तिला जरा वेळ लागला.

"अल्दिना," मग तिने हाक मारली, "ते 'शांत' काय होतं?"

"खोलीची शांतता, बुला. मुलाखत झाली की एक मिनिट कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, नुसता खोलीचा आवाज भरून घ्यायचा. फिल्म जोडताना लागतो. तुम्ही, मावशी आणि मी बसलो होतो ना डोळे मिटून?"

"मी दुआ म्हणत होते मनात. ती शांतता आहे तुझ्याकडे?"

"आहे. पण नासलीय. विक्टरचं पुटपुटणं आलंय."

"ऐकव."

अल्दिनाने तिच्या कानांवर ते मोठे हेडफोन चढवले. बुलाने डोळे मिटले. आधी माशीची गुणगुण. मग झिबामायचा श्वास. खिडकीबाहेर लांब विक्टर, न थांबता बोलत असलेला. आणि त्या सगळ्याच्या तळाशी, मागच्या खोलीत, पायमोज्यांतली पावलं. एक फळी कुरकुरली. मग पेटीचं झाकण.

आम्ही तिघी आत डोळे मिटून बसलो होतो, बुलाच्या मनात आलं, आणि तो भिंतीपलीकडे उभा होता. 

४

पहाटे फजरच्या नमाजेला बुला उठली. आपल्या घराच्या ओसरीवर आली, खाली वाकली आणि रात्री हाताने सवयीने लावून ठेवलेले स्वतःचेच बूट घेताना थबकली.

हात आपोआप करतो ते मन करत नाही. मन खोटं बोलेल. हात कशाला बोलेल?

ती नमाज पढून तडक झिबामायच्या घरी गेली. उजाडत होतं. पायरीवर मिर्झेतचे बूट तिने काल ठेवले तसेच होते. "माफ कर रे बाळा," ती म्हणाली, आणि सतरा वर्षांत झिबाशिवाय कुणी केलं नव्हतं ते तिने केलं. डाव्या बुटात हात घातला. पानं भुसभुशीत, फुगलेली. उजव्यात घातला. पानं दाबून चुरा झालेली, तळाला चपटी बसलेली, कोपरे काटकोनात. तळहाताएवढं काहीतरी त्यात बसलं होतं आणि आता नव्हतं.

ती काल इथेच होती. आम्ही खिसे उलटे करत होतो आणि टेप पोराच्या बुटात होती.

"बुला?" आतून झिबामायचा क्षीण आवाज आला. "हेन्रिक आहे का गं बाहेर?"

"नाही. का?"

"मघाशी आला होता. माझ्या हाताचं चुंबन घेतलं आणि काही न बोलता गेला. नदीकडे गेला वाटतं."

बुलाने बूट खाली ठेवले. गुडघ्यांना काय म्हणायचं ते म्हणू दिलं आणि नदीच्या वाटेला लागली.

५

द्रिना त्या पहाटे हिरवीगार, जाड, वेगाने वाहत होती. पुलाखालच्या खडकावर हेन्रिक बसला होता. हात पाण्यावर लांब केलेला. हातात टेप.

"जवळ येऊ नका, बुला."

"माझे गुडघे बघ. मी कुठली येते." ती दहा पावलांवर दगडावर बसली. आवाज तिने मौलूदचा लावला. खालचा, संथ. "बोलू का मी? मग तुला काय करायचं ते कर."

त्याने टेप पाण्यावर तशीच धरून ठेवली.

"विक्टर नव्हे. शांततेचं ते अख्खं मिनिट त्याचं तोंड चालू होतं. पेटीचं झाकण वाजलं तेव्हाही. उरलात तू आणि वेसेलिन. दोघेही घरात शिरताना बूट काढणारे. टेप घेतलीस, पायरीवर आलास, आणि ध्यानात आलं की आता झडती होणार. तुझे बूट घालून तुला छपरावर जायचं होतं. मग जिथे कुणी हात घालणार नाही अशी एकच जागा होती."

पुलावर इंजिनाचा आवाज आला. बुलाने मान वर केली. करडी गाडी. ती पुलाच्या मध्यावर थांबली. दार उघडलं.

"बोलत राहा," हेन्रिक पुटपुटला. 

"वेसेलिनने लपवली असती तर बूट होते तसे राहिले असते, नाहीतर वेडेवाकडे पडले असते. तो पाहुणा. पाहुणा कुणाचे बूट वळवत नाही, आणि त्या बुटांना तर तो भितो. पण ते बूट नीट ठेवले होते, लेका. तोंड रस्त्याकडे, टाचा भिंतीला, नाड्या आत खोचलेल्या. नऊ उन्हाळे त्या पायरीवर हे करणारा हात एकच. तू घाईत होतास, घाबरलेला होतास, आणि तुझ्या हाताने आपलं रोजचं काम केलं. मग झिबाचा जीव जात होता तेव्हा पाणी आणायला म्हणून गेलास आणि टेप काढलीस."

वर पुलावर दुसरं इंजिन गुरगुरलं. काकाच्या मागावर आलेली वेसेलिनची गाडी. ती आडवी येऊन करड्या गाडीला नाक लावून उभी राहिली. वेसेलिनचा आवाज खाली आला, चिरकलेला: "काका, मागे घे गाडी! मी हलणार नाही. घाल अंगावर, आईला सांगायला तूच जा मग!"

 मग दार आपटलं आणि करडी गाडी मागे सरकत गेली.

"आता लाल फडकं," बुला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तो माझा रुमाल होता. फाटक उघडताना पट्टा तुटला तेव्हा मी दिला. त्याआधी तो कॅमेऱ्याला नव्हता. त्यानंतर दोन तासांत मास्तर नेले गेले. टेकडीवरच्या चौकीतून तो कुणाला दिसला असता?"

हेन्रिकचा हात खाली आला. टेप त्याच्या मांडीवर पडली.

"मी फाटकावर होतो," तो म्हणाला. "एकवीस वर्षांचा. हुकूम होता, सगळ्यांना बाहेर काढा. मिर्झेतने माझी बाही धरली. सोडेना. मी त्याची बोटं सोडवली, बुला. एकेक करून. पाच. समोर मास्तर उभे होते, ते लाल फडकं, ती काच माझ्याकडे. तेव्हा मला बरं वाटलं. वाटलं, कॅमेरा आहे म्हणजे जग बघतंय, याला कोण मारेल?"

"आणि नऊ वर्षं तिच्या हातचं खाल्लंस."

"पहिल्या दिवशी सांगणार होतो. तिने खायला पिटा पुढे केली आणि लेक म्हणाली. मग प्रत्येक उन्हाळ्यात ते जास्तच अवघड होत गेलं. टेप पहाटेपासून तीनदा पाण्यावर धरली. त्याची बोटं सुटत नाहीत. नाही, माझी. माझी बोटं सुटत नाहीत."

"देवाने तेवढी घट्ट ठेवली म्हण," बुला म्हणाली आणि तिने हात पुढे केला. "त्यात तिचा पोर आहे. आण इकडे."

६

यंत्र दहा वाजता आलं. खोलीत झिबामाय, बुला, अल्दिना, विक्टर, दाराशी वेसेलिन. हेन्रिक भिंतीला टेकून उभा. त्याने सगळं आधीच झिबामायला सांगितलं होतं, गुडघ्यांवर बसून. ती त्यावर "लाव," एवढंच अल्दिनाला म्हणाली होती.

चित्र हललं, फाटलं, मग स्थिर झालं. ऊन, धूळ, गर्दी. फाटक. आणि मिर्झेत, निळ्या शर्टात, कान जरा पुढे आलेले.

"जेवला नव्हता," झिबामाय म्हणाली. "बघा, गाल बसलेत."

एक तरणा सैनिक, निळी टोपी. बाहीवर पकडलेला हात. बोटं सुटली. एक, दोन, तीन. खोलीत कुणीतरी हुंदका दिला. तो विक्टर होता. त्याचा फोन वाजत होता आणि त्याने तो टेबलावर पालथा घातला. मिर्झेत ट्रकवर चढवला गेला. ट्रक रस्त्याला लागला, पाणचक्कीपाशी आला, आणि इतर ट्रक उजवीकडे गेले तसा न जाता डावीकडे वळला.

"चुनखडीची खाण," वेसेलिन दारातून म्हणाला. "त्या बाजूला कुणी कधी खणलंच नाही."

चित्र संपलं. झिबामाय उठली. पडद्यावर जिथे मुलगा दिसला होता तिथे तिने हात फिरवला. मग ती पायरीवर आली. सगळे मागोमाग आले. हेन्रिकचे जाडजूड बूट नेहमीप्रमाणे उंबऱ्याकडे तोंड करून होते. घरच्यासारखे.

"नऊ उन्हाळे माझं छप्पर गळलं नाही," ती त्याला म्हणाली. "देव त्याचं फळ तुला देवो. त्या मुलीच्या कॅमेऱ्यापुढे बस आणि मला सांगितलंस ते सगळं जगाला सांग. मग जा."

ती वाकली. चौऱ्याहत्तर वर्षांची कंबर, वेळ लागला, कुणी मदतीला धजलं नाही. तिने हेन्रिकचे बूट उचलले, रस्त्याकडे वळवले, टाचा भिंतीला लावल्या आणि नाड्या आत खोचल्या.

हेन्रिकने त्या दिवशी दिवसभर कॅमेऱ्यापुढे बसून सांगितलं. संध्याकाळी ते बूट घालून तो गेला. पुन्हा त्या पायरीवर आला नाही.

खाण शरद ऋतूत खणली. एकतीस जण निघाले, त्यांत मिर्झेत होता. पुढच्या जुलैत, जनाज्याच्या सकाळी, झिबामायने निळे कॅनव्हासचे बूट शेवटचे पुसले आणि आपल्या हाताने रस्त्याकडे वळवले. बुला त्या दिवशी अशी गायली की पलीकडच्या आळीतल्या खिडक्याही उघडल्या.

आता माझं मागणं. त्या एकतीस जणांत शाचिर मास्तर नव्हते. त्यांचं घर जळालं, एक फोटो उरला नाही, मागे रडायला कुणी नाही. दुसऱ्यांची लग्नं आणि दुसऱ्यांची पोरं टिपणाऱ्या माणसाला कोण टिपणार? त्या टेपेत ते कुठेच नाहीत. फक्त अगदी शेवटी, ट्रक डावीकडे वळताना, वाऱ्याने लाल रुमालाचा एक कोपरा चित्रावर येतो आणि जातो. पळून जायला वेळ होता तेव्हा ते तिथेच उभे होते, हात न हलवता. दुआ मागाल, दिवा लावाल, ज्याच्या त्याच्या देवापुढे बसाल तेव्हा तो लाल कोपरा डोळ्यांपुढे आणा, आणि शाचिर मास्तरांची तेवढी आठवण ठेवा.